जुन्या विटा-चुन्याच्या घराचा बाहेरचा ऑइलपेंट काढताना सगळं प्लास्टर पाडून सिमेंटचं करावं का? (घर जळगावकडचं)

नाही, सगळं पाडू नका. पोकळ झालेलं तेवढंच काढा आणि तिथे चुन्याचंच प्लास्टर करा. चुन्यात बांधलेली भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. वर सिमेंट किंवा ऑइलपेंट चढवला की ती ओल आत कोंडते, लोणा (भिंतीवर येणारा पांढरा खार) फुटतो आणि विटांची माती होऊ लागते. भिंतीचे पोपडे सुटत असतील तर ते बहुधा त्यामुळेच. हातोडीच्या दांड्याने भिंत हलके ठोकत चला. बदबद आवाज येईल तिथे खडूने खूण करा आणि तेवढा भाग कडा सरळ कापून काढा. सांधे खरवडा, धूळ झाडा, भिंत पाण्याने चांगली भिजवा. मग एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग धुतलेली वाळू, पातळ थरांत. एकदम जाड थापलं तर तडकतं. खानदेशातल्या एप्रिल-मेच्या उन्हात हे काम काढूच नका, चुना घट्ट धरायच्या आत वाळून भुगा होतो. दसऱ्यानंतर करा आणि ओलं गोणपाट लावून ठेवा. शेवटी चुन्याचा हात द्या, पुन्हा ऑइलपेंट नको.

रंग मात्र कोरडा घासू नका, जाळू तर अजिबात नका. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार घातक. पाणी मारून खरवडा, खाली ताडपत्री अंथरा.

भिंतीचे सांधेच सिमेंटचे असतील तर सिमेंटचं प्लास्टर चालेल.