रात्रभर चालणाऱ्या दशावतारासाठी कॅमेरा निवडताना

सिंधुदुर्गातील जत्रांमध्ये होणाऱ्या दशावतारी नाटकांवर स्वतःच्या बळावर माहितीपट करायचा आहे, हाताशी सव्वा लाख रुपये आहेत आणि एवढ्यात फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या चिपचा) कॅमेरा घ्यावा की लहान सेन्सरचा एपीएस-सी, सोनी घ्यावा की कॅनन, असा तुमचा प्रश्न आहे. मी गेली काही वर्षे याच भागात, बहुतेक वेळा एकट्याने, चित्रीकरण करत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की सोनी की कॅनन हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा आणि ज्या रात्री तुम्ही कॅमेरा लावणार आहात त्या रात्रीचा विचार आधी करावा. पालखीची प्रदक्षिणा आटोपल्यावर, कधी मध्यरात्र उलटल्यावर, नाटक उभे राहते आणि पहाटे दहीकाल्यापर्यंत चालते. त्याला लिखित संहिता नसते. राजा बाकड्यावर बसून जे बोलतो ते त्या रात्रीपुरतेच असते, दुसऱ्या गावात तोच नट तेच आख्यान वेगळ्या शब्दांत करतो. त्यामुळे पुन्हा एकदा करून दाखवा, असे म्हणण्याची सोय तुम्हाला नाही. पाच-सहा तास न थांबता, न तापता, अंधुक आणि सतत बदलणाऱ्या उजेडात चालत राहील अशी सामग्री तुम्हाला हवी आहे, आणि बाजारात ज्या गुणांची जाहिरात होते त्यांपैकी फार थोडे गुण येथे उपयोगी पडतात.

फुल फ्रेमचे आकर्षण मी समजू शकतो. २००८ साली कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू आला आणि मोठ्या सेन्सरवर फुल एचडी चित्रीकरण कमी पैशांत होऊ लागले, तेव्हापासून स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांच्या मनात ते घर करून आहे. मात्र तो कॅमेरा एका दमात सुमारे १२ मिनिटेच फुल एचडी चित्रीकरण करत असे, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पुढे आलेल्या अनेक कॅमेऱ्यांवर २९ मिनिटे ५९ सेकंदांची मर्यादा असे आणि त्यामागे युरोपातील आयात शुल्काची वर्गवारी हे मोठे कारण होते, कारण अर्धा तास किंवा अधिक चित्रीकरण करणारे यंत्र तेथे व्हिडिओ कॅमेरा ठरून त्यावर वेगळा कर लागे. जुना डीएसएलआर स्वस्तात मिळतो म्हणून घेणार असाल, तर ही मर्यादा त्यात आहे का, एवढे दुकानातच तपासावे. शंकासुर या विनोदी असुराची नकल ऐन रंगात आलेली असताना कॅमेरा आपण होऊन थांबला, तर तो कितीही नामांकित असून काय उपयोग?

आता उजेडाचा हिशेब करू. फुल फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ एपीएस-सीच्या साधारण २.३ पट असते, म्हणजे तेवढ्या पटीने प्रकाश जास्त गोळा होतो. पण सव्वा लाखात फुल फ्रेम बॉडी घेतली की लेन्ससाठी फारसे पैसे उरत नाहीत आणि माणूस एफ ३.५-५.६ ची किंवा तशीच मंद झूम लेन्स लावून जत्रेला जातो. दूरच्या टोकाला ती एफ ५.६ वर येते, आणि एफचा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी आत येतो. याउलट एफ १.८ ची एखादी साधी फिक्स (झूम नसलेली) लेन्स एफ ५.६ च्या तुलनेत नऊ ते दहा पट प्रकाश आत घेते. म्हणजे एपीएस-सी बॉडी आणि एफ १.८ लेन्स ही जोडी, फुल फ्रेम बॉडी आणि मंद झूम या जोडीच्या कितीतरी पुढे जाते. झूमच हवी असेल, तर एपीएस-सीसाठी सिग्माची १८-५० मिमी एफ २.८ ही जेमतेम ३०० ग्रॅमच्या आत वजन असलेली लेन्स मला फार सोयीची वाटते. ती विकत घेण्याऐवजी पुण्याहून किंवा कोल्हापुराहून दोन रात्रींसाठी भाड्याने आणली तरी चालते.

नाव विचारलेच आहे म्हणून सांगतो. तुमच्या रकमेत मी सोनीचा झेडव्ही-ई१० घेईन, नवा नव्हे, तर चांगल्या अवस्थेतील वापरलेला. त्याला अर्ध्या तासाची मर्यादा नाही, बाहेरील माइकसाठी जागा आहे आणि यूएसबी-सीमधून वीज घेत तो चालू राहतो. मेनूमध्ये आपोआप बंद होण्याच्या तापमानाची एक सोय आहे, ती ‘हाय’वर ठेवावी, नाहीतर लांब चित्रीकरणात तो लवकर बंद पडू शकतो. उणिवाही सांगायला हव्यात. त्यात बॉडीतील स्थिरीकरण, म्हणजे हाताची थरथर सावरण्याची सोय, नाही, व्ह्यूफाइंडर नाही, कॅमेरा झपाट्याने फिरवला तर देवळाचे खांब तिरके दिसतात आणि चित्र ८ बिटचे असते, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ छटा, जिथे १० बिटमध्ये १०२४ मिळतात. सर्वांत वैताग आणणारी गोष्ट म्हणजे बॅटरी आणि कार्ड यांचे झाकण तळाशी आहे, त्यामुळे ट्रायपॉडची प्लेट लावलेली असली की कार्ड बदलण्यासाठी ती काढावी लागते. रात्री दोन वाजता, तोंडात टॉर्च धरून हे काम करावे लागले की कॅमेऱ्याची रचना करणाऱ्याविषयी मनात येतात ते विचार येथे लिहिता येणार नाहीत. दुसरा पर्याय म्हणजे २०१७ साली आलेला आणि आता वापरलेला मिळणारा पॅनासॉनिकचा जीएच५. त्यात १० बिट चित्र, दोन कार्डांची सोय आणि बॉडीतील स्थिरीकरण आहे, पण सेन्सर आणखी लहान आहे आणि चित्रीकरणातील ऑटोफोकस भरवशाचा नाही. रंगमंचासमोर एका जागी उभे राहून हाताने फोकस करणार असाल, तर तो उत्तम आहे. एकट्याने फिरून मुलाखतीही घेणार असाल, तर मी सोनीच म्हणेन.

वापरलेला कॅमेरा मुंबईत फोर्टमधील बोरा बाजारात घेतला जातो, तसा इतरत्रही मिळतो. तो घेताना बिल मागावे, आणि दुकानातच लेन्समधून टॉर्च मारून आत कोळिष्टकासारखी बुरशी दिसते का ते पाहावे. कोकणातल्या पावसाळ्यात ही बुरशी चांगल्या लेन्सलाही सोडत नाही. जत्रांचा हंगाम संपला की सामान घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसह ठेवावे आणि आत आर्द्रता दाखवणारा छोटा काटा ठेवून ती ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहील असे पाहावे. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत तर चार महिने मुळीच ठेवू नये.

आवाजाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझी सर्वांत मोठी फजिती तेथेच झाली आहे. पहिल्याच वर्षी मी साऊंडवाल्याला विनंती करून त्याच्या मिक्सरमधून एक केबल घेतली आणि थेट कॅमेऱ्याच्या माइकच्या भोकात खोचली. हेडफोन घरी विसरलो होतो. सकाळी ऐकले, तर संपूर्ण नाटकाचा आवाज फाटलेला, राजाचे प्रत्येक वाक्य करवतीने कापल्यासारखे. मिक्सरमधून निघणारा लाइन पातळीचा संकेत माइकच्या संकेतापेक्षा कित्येक पटींनी बलवान असतो आणि कॅमेऱ्याचे ते भोक माइकसाठीच केलेले असते, एवढी साधी गोष्ट मला त्या रात्री एका नाटकाच्या किमतीत कळली. तेव्हा लाइन संकेत थेट घेऊ शकणारा वेगळा रेकॉर्डर घ्यावा. झूम कंपनीचा एफ३ हा ३२ बिट फ्लोटमध्ये ध्वनिमुद्रण करतो, म्हणजे पातळी चुकली तरी नंतर सावरता येते. मात्र मिक्सरमध्येच आवाज फाटला असेल, तर कोणतेही फ्लोट त्याला वाचवू शकत नाही, म्हणून साऊंडवाल्याशी संध्याकाळीच चहा घेत बोलून ठेवणे हे कोणत्याही यंत्राइतकेच महत्त्वाचे आहे. शिवाय मिक्सरमधून प्रामुख्याने नटांचे बोल आणि पेटी मिळते. मृदंगाचा घुमारा, झांजेचा प्रत्यक्ष कानावर येणारा नाद आणि प्रेक्षकांतून उठणारे हसू त्यात नसते, आणि दशावताराचा अर्धा जीव त्या हसण्यात आहे. त्यासाठी आणखी एक छोटा रेकॉर्डर प्रेक्षकांच्या कडेला ठेवावा. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइकही बंद करू नये, कारण वेगवेगळ्या यंत्रांची घड्याळे सहा तासांत काही फ्रेमांनी मागेपुढे होतात आणि संकलनात आवाज जुळवताना तोच आधार असतो. ही जुळवणी दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीतही होते.

रंगपटातील मुलाखतींसाठी बोयाचा बीवाय-एम१ हा कॉलरला लावायचा स्वस्त माइक पुरेसा आहे. त्याची तार ६ मीटर लांब असते आणि कॅमेऱ्याला जोडताना त्यात एलआर४४ ही बटणाएवढी बॅटरी लागते. ती जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानातही मिळेल या आशेवर राहू नये, दोन जास्तीच्या खिशात असाव्यात.

उजेडाकडे परत येतो, कारण मंचावरचा उजेड तुमच्या हातात नसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट आणि अनेक स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेरा २५ फ्रेमांवर आणि शटर १/५० सेकंदावर ठेवले, तर ही लुकलुक चित्रात दिसत नाही. रंगीत एलईडी पार दिवे (मंचावरचे गोल झोतदिवे) मात्र या नियमाला जुमानत नाहीत, त्यांचा लुकलुकण्याचा वेग वेगळा असतो, म्हणून नाटकापूर्वी दिवे लावून पाहताना दोन मिनिटे चित्रीकरण करावे आणि पडद्यावर पट्टे सरकत असतील तर शटर थोडेथोडे बदलून पाहावे. निळ्या आणि लाल दिव्यांत चेहऱ्याचा एकच रंग भरून वाहतो आणि नाक-डोळे एका सपाट डागात बुडतात, अशा वेळी एक्स्पोजर डोळ्याला बरे वाटते त्यापेक्षा थोडे कमीच ठेवावे. शंकासुर काळ्या वेशात आला की ऑटो एक्स्पोजर गोंधळून सगळे चित्र पांढुरके करते, तेव्हा मंचासमोर सर्व काही मॅन्युअलवर असलेले बरे. मुलाखतीला मोठा दिवा नको. थर्माकोलचा एक पांढरा तक्ता भिंतीला टेकवून त्यावरून ट्यूबचा उजेड चेहऱ्यावर परतवला, तर रंगपटाचे मूळ वातावरणही टिकते आणि तोंडाला रंग लावणारा नट बुजतही नाही.

साठवणुकीचा हिशेब लोक शेवटी करतात आणि फसतात. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) फोरके चित्रीकरण केले, तर तासाला ४५ जीबी, म्हणजे सहा तासांचे २७० जीबी लागतात. ५० एमबीपीएसने फुल एचडी केले, तर त्याच्या निम्मे. मी संपूर्ण नाटक फुल एचडीत आणि मुलाखती, रंगपट, पालखी हे फोरकेमध्ये करतो. व्ही३० या वेगाच्या दर्जाची कार्डे यासाठी पुरतात. घरी पोचताच दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत उतरवल्याशिवाय कार्ड पुसू नये. दुसरा कॅमेरा म्हणून तुमचा फोन वापरावा. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत अ‍ॅप चालणारा फोन असेल, तर त्यात २५ फ्रेमा आणि १/५० शटर पक्के करता येते, आणि फोन एका कोपऱ्यात संपूर्ण मंच दिसेल असा लावून ठेवला की संकलनात मोठा दिलासा मिळतो.

ट्रायपॉडवर हात आखडू नये, फ्लुइड हेड, म्हणजे कॅमेरा धक्क्याविना फिरवणारे डोके, असलेलाच घ्यावा. तो कुठे उभा करायचा, हे मात्र गावकरी ठरवतात. देवस्थानच्या मंडळींची आणि नाटक मंडळीच्या मालकांची परवानगी घेतलेली असूनही मी एकदा मधोमध उभा राहिलो, तेव्हा मागून एक आजी म्हणाल्या, “रे झिला, ह्यां वायच बाजूक घे, माका कायेक दिसणा नाय.” तेव्हापासून मी डाव्या कडेला, कमी उंचीवर उभा राहतो आणि कॅमेऱ्याच्या पडद्याची चमक सर्वांत खाली आणतो. उघड्या पटांगणात पहाटे चारनंतर दव पडते आणि लेन्सवर धुके धरते, म्हणून जवळ कोरडा रुमाल आणि वर धरायला छत्री असावी.

पैशांची वाटणी मी अशी करीन: बॉडी आणि एक लेन्स मिळून ६० हजारांच्या वर जाऊ द्यायचे नाही, आवाजासाठी २५ हजार, ट्रायपॉडला १२, कार्डे, डिस्क, पॉवर बँक यांना २०, आणि उरलेले ८ हजार भाड्याच्या लेन्ससाठी आणि प्रवासासाठी. ड्रोन आणि गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर धरणारी मूठ) यांचा विचार या वर्षी तरी करू नये.

सामान आले की कार्तिकातील पहिल्या जत्रेपूर्वी एक रात्र घरीच काढावी. पॉवर बँक, रेकॉर्डर, कार्ड सर्व जोडून, दिवा मंद करून, कॅमेरा टीव्हीसमोर रात्री अकराला चालू करावा आणि पहाटे पाचला उठून तो अजून चालू आहे का ते पाहावे. माझा पहिल्या वेळी पावणेदोनलाच बंद पडला होता, आणि दोष कॅमेऱ्याचा नव्हता. वीज कमी ओढली जात आहे असे समजून पॉवर बँकच झोपी गेली होती.