"शेवटी सगळे धर्म एकच सांगतात" असं म्हटल्यावर माझा मुस्लिम रूममेट गप्प का झाला?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. रूममेट म्हणाला, आम्हीही येशूला मानतो, ईसा अलैहिस्सलाम म्हणतो, पण ते देवाचे पुत्र नव्हते आणि क्रुसावर मेलेही नाहीत. त्यावर तुम्ही म्हणालात, "जाऊ दे रे, शेवटी सगळे एकच सांगतात." तो गप्प झाला. आता तुम्ही विचारताय की त्याला लागलं काय, आणि सगळेच प्रेषित खरे की एकच खरा.

लागणारच. त्याने आपल्या श्रद्धेतली एक नेमकी गोष्ट तुमच्यापुढे ठेवली आणि तुम्ही तिच्याकडे न बघताच विषय मिटवला. मी नागपूरचा, बौद्ध घरातला. हे "सगळे एकच" मी शाळेपासून ऐकतोय, म्हणून जरा लांब लिहितो.

सगळे एकच सांगत नाहीत. ईसाचंच घ्या. ख्रिस्ती माणसाचा सगळा विश्वास क्रूस आणि पुनरुत्थान यांवर उभा आहे. बायबलमध्ये पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात स्वच्छ म्हटलंय की ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. कुराणात सूरा निसाच्या 157व्या आयतीत म्हटलंय की त्यांनी ईसाला ठारही केलं नाही आणि क्रुसावरही दिलं नाही, त्यांना तसं भासलं. ज्यूंच्या मते तर मसीहा, म्हणजे देवाने पाठवायचा तारणहार, अजून यायचाच आहे. तिघेही ज्या इब्राहिमाला आपला मानतात, त्याने बळी द्यायला नेलेला मुलगा कोणता यावरही मतभेद आहे. बायबलमध्ये तो इसहाक आहे, बहुतेक मुसलमान इस्माईल मानतात. एक माणूस एक तर क्रुसावर मेला किंवा मेला नाही. दोघांचंही बरोबर, असं इथे म्हणताच येत नाही.

तसंच पैगंबरांचं. कुराणात 25 नबींची नावं येतात. आदम, नूह, इब्राहिम, मूसा, दाऊद, ईसा सगळे त्यात आहेत. म्हणजे "आम्हीही येशूला मानतो" हे तुमचा रूममेट खरंच बोलला, पण नबी म्हणून मानतो. आणि मुहम्मद पैगंबर हे शेवटचे, त्यांच्यानंतर कोणी नाही, हा त्याच्या श्रद्धेचा पाया आहे. बहाई लोक एकोणिसाव्या शतकातल्या बहाउल्लांना ईश्वराचे संदेशवाहक मानतात, ते मुसलमानांना मान्य नाही. मिर्झा गुलाम अहमद यांनाही नबी मानणाऱ्या अहमदियांचा वाद तर इतका पेटला की पाकिस्तानने 1974 साली घटनादुरुस्ती करून त्यांना गैरमुस्लिम ठरवलं. तसं ठरवणं अन्याय होता असं माझं मत आहे. पण ज्या गोष्टीसाठी माणसं घरदार सोडून परागंदा होतात, तिला "काय फरक पडतो" कसं म्हणणार?

आता माझी गोष्ट.

आम्ही जरीपटक्याकडे एका फ्लॅट स्कीममध्ये राहतो. नागपुरात खर्ऱ्याचं, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचं, काय आहे ते सांगायला नको. जिन्याचा प्रत्येक कोपरा लाल. सचिवसाहेबांनी उपाय काढला तो सगळीकडे असतो तोच: देवांच्या टाइल्स. गणपती, साईबाबा, क्रूस, गुरू नानक, काबा आणि बुद्ध, प्रत्येक माळ्याच्या वळणावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर एका ओळीत सहा टाइल्स. वर लाल ऑइल पेंटने लिहिलं, "सबका मालिक एक". मीटिंग नाही, विचारणं नाही. एका रविवारी मिस्त्री आला आणि लावून गेला.

थुंकणं कमी झालं, बंद झालं नाही. आमच्या माळ्यावर बुद्धाच्या टाइलवर हनुवटीपासून खाली सुपारीचा चोथा चिकटून ओघळ आलेला मी स्वतः पुसलाय. पोछा मारणाऱ्या बाईचा काही दोष नाही, तिने फडकं आपटलं की फिनाइलचं काळं पाणी त्या ओळीवर उडायचंच. दुसऱ्या माळ्यावरच्या भाईजानच्या बायको रोज सकाळी वेगळं कोरं फडकं घेऊन बाहेर यायच्या, उकिडवं बसून काबाची टाइल पुसायच्या आणि तिच्याखाली कोणी चपला काढल्या असतील तर त्या उचलून लांब ठेवायच्या. कुणाला एक शब्द बोलल्या नाहीत. मी भाईजानला विचारलं, तुम्ही सचिवांना सांगत का नाही? ते म्हणाले, "भाईसाहब, हम बोलेंगे तो बात कहीं और चली जाएगी. आप बोलो."

मी बोललो. सचिवसाहेब म्हणाले, "अहो भाऊ, सगळ्यांना बरोबरीची जागा दिली न आम्ही. आणि बुद्ध तर आमचाच नववा अवतार. मग त्रास कायचा होऊन राहिला तुम्हाला?"

माझे वडील लहान असताना आजोबांचं बोट धरून 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर होते. बाबासाहेबांनी त्या दिवशी महास्थवीर चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखोंना स्वतः दिली, सोबत 22 प्रतिज्ञा. त्यातली पाचवी सांगते की बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हा खोटा आणि खोडसाळ प्रचार आहे. आमच्या घरात त्या प्रतिज्ञा फ्रेम करून दाराच्या आत लावल्यात, सचिवसाहेब वर्गणीला आले की त्याच फ्रेमखाली बसून चहा पितात. त्या माणसाने मला सांगावं की बुद्ध आमचाच! बाबासाहेबांनी 1950 साली महाबोधी मासिकात लिहिलेल्या लेखात चौघांची तुलना केलीय. येशूने स्वतःला देवाचा पुत्र म्हटलं, मुहम्मदांनी देवाचा प्रेषित आणि तोही शेवटचा, कृष्णाने तर स्वतःलाच परमेश्वर म्हटलं. बुद्धाने असा कोणताच दावा केला नाही. तो माणसाच्या पोटी जन्मलेला माणूस राहिला आणि मार्गदाता म्हणवला, मोक्षदाता नाही. हा फरक आमच्यासाठी किरकोळ नाही. आमच्या आजोबांनी ज्यासाठी जुना धर्म सोडला ते हेच आहे.

सचिवसाहेबांनी मग वेद काढला. एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति. सत्य एकच, शहाणे त्याला अनेक नावांनी बोलवतात. मी म्हटलं, ऋचा पूर्ण म्हणा. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात, 164व्या सूक्तात ती आहे आणि त्यात इंद्र, मित्र, वरुण, अग्नी, यम, मातरिश्वा यांची नावं आहेत. त्या देवांबद्दल ते बोलणं ठीकच आहे. पण अल्लाहला मूल नाही आणि तो कुणाचं मूल नाही, असं जो दिवसातून पाच वेळा उभं राहून मानतो, त्याला तुम्ही ती ऋचा ऐकवून "तुझंही हेच म्हणणं आहे" कसं सांगता? "सगळे एकच" हेही एक मतच आहे. तुमचं मत आहे, खुशाल ठेवा. पण ते इतरांच्या तोंडी घालून वर त्याला समभाव म्हणू नका.

गंमत म्हणजे ज्यांना सचिवसाहेब "आपले" समजत होते, तेही त्या ओळीत बसत नव्हते. पहिल्या माळ्यावरच्या काकू महानुभाव पंथाच्या आहेत, माहेर रिद्धपूरकडचं. भेटल्या की "दंडवत प्रणाम" म्हणतात. सगळे त्यांना हिंदूच धरतात, पण त्यांच्याकडे परमेश्वर वेगळा आणि देवता वेगळ्या, आणि मोक्ष देवता देत नाहीत. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू, चक्रधर हे पंचकृष्ण तेवढे त्यांचे. टाइल्सला फुलं वाहायची पाळी आली तेव्हा त्यांनी आपला नंबर गुपचूप शेजारणीला दिला. चौथ्या माळ्यावरच्या नर्स मॅडम केरळच्या, मूर्ती-चित्राला त्यांची हरकत नव्हती, पण "सबका मालिक एक" वाचून त्या मला म्हणाल्या, आमच्या प्रभूने तर सांगितलंय की मार्ग, सत्य आणि जीवन मीच आहे, माझ्याशिवाय पित्याकडे कोणी येत नाही. ते मी कुठे लिहू?

हे सगळं मी स्कीमच्या मीटिंगमध्ये मांडलं. दोन तास आवाज चढला. काकू बोलल्या, नर्स मॅडम बोलल्या, शेवटी भाईजानही उठले. टाइल्स निघाल्या, त्या जागी चौकोनी सिमेंट दिसतं, आणि जिन्यात कॅमेरा बसला. खर्रा थुंकणारा तळमजल्याचा मुलगा त्यात पहिल्याच आठवड्यात सापडला. सचिवसाहेब तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. सगळ्यांना सांगतात की मी एकोपा मोडला.

एकोपा काय असतो ते मी माझ्या घरात बघितलंय. वडील एम्प्रेस मिलमध्ये, कापडाच्या गिरणीत होते. त्यांचे जिवलग मित्र मोमिनपुऱ्याचे, खात्यात शेजारच्या मागावर. दर शुक्रवारी नमाज आटपून ते घरी यायचे आणि चहावर दोघांचं भांडण सुरू व्हायचं. वडील म्हणायचे, ईश्वर नाही, वरून निरोप येत नाही, बुद्धाने कालाम नावाच्या लोकांना सांगितलं ते बघ: परंपरेने आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, आपला गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. चाचा म्हणायचे, पारखणारी अक्कल दिली कुणी? माणूस आपल्या अकलेने किती दूर जाणार, म्हणून तर नबी आले. आई ओरडायची, चहा गार होऊन राहिला. दोघांनी एकमेकांना मरेपर्यंत चुकीचंच मानलं. आजोबा वारले तेव्हा खांदा द्यायला चाचा पुढे होते. वडिलांनी त्यांना कधी "तुझा अल्लाह आणि माझा बुद्ध एकच" म्हटलं नाही. म्हटलं असतं तर चाचा पुढच्या शुक्रवारी आले नसते, असं मला वाटतं.

कोण खरा, हे तुम्ही विचारलंत. मी बुद्धाच्या बाजूचा आहे. कुणीतरी वरून निरोप पाठवला आणि एका माणसाने तो आणला, हे मला पटत नाही, आणि हे मी भाईजानच्या तोंडावर सांगतो. त्यांना माझं पटत नाही, तेही सांगतात. सत्य माणसाच्या मतावर चालत नाही, त्यामुळे आमच्यातला कोणीतरी चुकतोय, कदाचित दोघेही. तुमच्यासाठी ते मी ठरवून देऊ शकत नाही.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. एक, मी "मुसलमान मानतात", "बौद्ध मानतात" लिहिलं ते मोटामोटी. बाबासाहेबांनी मांडलेला बुद्ध आणि श्रीलंकेच्या किंवा ब्रह्मदेशाच्या विहारातला बुद्ध यांत फरक आहेच. सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून घर सोडलं ही कथा बाबासाहेबांनी नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे कारण मांडलं. दुसरी, ताजबागेत ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर हिंदू, मुसलमान, आमच्या वस्तीतलेही जातात, उर्साला तर रस्ता पुरत नाही. त्यांच्यावर माझा रोख नाही. ते तिथे आपल्या पायाने जातात आणि बाबांचं जे आहे त्यापुढे डोकं टेकवतात, बाबांना दुसऱ्या कुणाचा अवतार करून घरी आणत नाहीत.

तुम्ही रूममेटशी पुन्हा बोला. त्याला विचारा, ईसा क्रुसावर गेले नाहीत तर मग गेले कुठे? तो सांगेल की अल्लाहने त्यांना वर उचलून घेतलं आणि कयामतीच्या आधी ते परत येतील. मर्यमच्या नावाची कुराणात एक सूरा आहे, तीही विचारा. सगळं ऐकून घ्या आणि मग तुम्हाला काय वाटतं ते सरळ सांगा. पटलं नसेल तर पटलं नाही म्हणा. त्याला ते चालेल. आणि खोलीत कुणी "सबका मालिक एक" म्हणत मध्ये पडला, तर त्याला आधी बसवून विचारा की या दोघांपैकी एकाचं तरी म्हणणं त्याने कधी पूर्ण ऐकलंय का. आमच्या सचिवसाहेबांना मी मीटिंगमध्ये हेच विचारलं होतं, उत्तर अजून आलेलं नाही.