हॉलची एक भिंत मॅजेंटा केली तर भडक दिसेल का? बाल्कनीतही त्याच रंगाची फुलं लावावीत का?

भडक दिसणारच. साधं हवं असेल तर बिस्किटी रंग आहे की, निम्मं पुणं त्याच रंगाचं आहे.

मी ३१ वर्षं ऑफसेट प्रेसमध्ये काढली. रंगीत छपाईच्या चार शायांपैकी मॅजेंटा ही एक, ती रोज नखांत घेऊन घरी यायचो. लोक राणी रंग म्हणतात, माझी आई गुलबक्षी म्हणायची. 'असले परदेशी रंग आपल्याकडं चालत नाहीत' हे मी थोरल्या भावाकडून ऐकलंय, म्हणून सांगतो, परदेशी आहे ते नाव. १८५९ साली फ्रान्समध्ये हा कृत्रिम रंग निघाला, त्याच वर्षी इटलीत मॅजेंटा गावाजवळ लढाई झाली आणि त्या विजयावरून गावाचं नाव रंगाला चिकटलं. परदेशीच काढायचं तर गुलबक्षीचं झाडही मूळचं अमेरिका खंडातलं. तिला कोणी हाकलत नाही.

तर आमची भिंत. २०११ साली फ्लॅट घेतला आणि बायकोनं टीव्हीमागची भिंत राणी करायची ठरवली. पेंटर म्हणाला, दोन हातांत होईल. चार लागले. अशा चढ्या शेडच्या डब्यात पांढरं कमी असतं, खालचं झाकलं जात नाही. आधी गुलाबी किंवा राखाडी अस्तर मारायला हवं होतं. ऑफसेटची शाईही अशीच पारदर्शक, म्हणजे हे मला सुचायला हवं होतं.

पण झाली तेव्हा काय दिसायची! संध्याकाळी दिवा लावला की छताला गुलाबी झाक यायची, पाहुण्यांच्या पांढऱ्या शर्टांनासुद्धा. दादा कराडहून आला, चपला काढता काढता म्हणाला, "मंगल कार्यालय घेतलंस का रे?" वहिनी हसल्या. ह्याच दादाच्या लग्नाच्या पत्रिका मी छापल्या होत्या. त्यावरचा लाल गणपती म्हणजे शंभर टक्के मॅजेंटावर शंभर टक्के पिवळा, दुसरं काही नाही. तेव्हा बरा शुभ वाटला.

पुढं पुतणीला बघण्याचा कार्यक्रम आमच्याकडं ठरला, कारण पुण्यात घर आमचंच. 'पाहुणे काय म्हणतील' सुरू झालं आणि एका रविवारी भिंत क्रीम झाली. बायको दोन दिवस बोलली नाही. दादाशी नाही, माझ्याशी. पाहुण्यांनी भिंतीकडं बघितलंसुद्धा नाही, पोहे खाल्ले आणि गेले. स्थळही जमलं नाही. स्विचबोर्डाच्या कडेला अजून बोटभर राणी शिल्लक आहे, ती मी कुणाला पुसू देत नाही.

बाल्कनीत मात्र डोळे झाकून लावा. भिंतीवर अंगावर येणारा हा रंग झाडावर तसा येत नाही, कारण त्याला तोलणारा हिरवा झाड स्वतःच आणतं. पाच-सहा तास ऊन असेल तर बोगनवेल. तिचे लाड करू नका. रोज पाणी आणि खत दिलंत तर नुसता पाला माजतो. कुंडीतली माती सुकू द्या, पानांनी जरा मान टाकली की मग पाणी. रंगीत दिसतं ते फूल नव्हे, ती पानंच. खरी फुलं आत, बारीक नळीसारखी, टोकाला पांढरी. ऊन कमी असेल तर गुलबक्षी, पण ती दुपारी चारनंतर उमलते. ऑफिसातून सातला येणाऱ्याला सोयीचीच म्हणायची. तिचं बी मिरीसारखं काळं असतं आणि पोटात गेलं तर बाधतं, तेव्हा घरात रांगतं पोर असेल तर नको.

भिंतीवर पश्चिमेचं ऊन येत असेल तर थांबा, हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं. दुकानाबाहेरची जुनी पोस्टरं निळी पडलेली पाहिली असतील. मॅजेंटा आणि पिवळा आधी उडतात, निळा मागं राहतो. भिंतीचा चांगला रंग शाईपेक्षा टिकतो, पण डबा स्वस्तातला नको. शेड मोबाइलवर ठरवू नका, वर्तमानपत्राच्या पानाएवढा तुकडा रंगवा आणि दिवसा एकदा, दिव्यात एकदा बघा. भाड्याचं घर असेल तर पडद्यावर भागवा.

आणि घरातल्या थोरल्यांना आधी विचारू नका. रंग वाळला की जेवायला बोलवा.