वाचकांचे प्रश्न: छातीतली कळ आणि गोळ्यांच्या वेळा

प्रश्न: आमच्या नानांना (वय ६४) केळीचे घड उचलताना किंवा चढ चढताना छातीत दाबल्यासारखं होतं, थांबले की बरं वाटतं. रोजच्या मेटोप्रोलोल, अ‍ॅस्पिरिन आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनबरोबर त्यांना जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट दिली आहे. गेल्या आठवड्यात तीन गोळ्या घेऊनही कळ लवकर थांबली नाही. आमचं काय चुकतं? (यावल तालुका)

उत्तर: तीन गोळ्यांनी कळ थांबली नाही, म्हणून आधी आजच नानांचा ईसीजी काढून घ्या. मग पुढचं वाचा.

ठरावीक श्रमाने येणारी आणि विश्रांतीने जाणारी कळ म्हणजे स्थिर अंजायना. सॉर्बिट्रेट शिरा सैल करते, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि त्याच्यावरचा भार उतरतो. कळ आली की काम सोडून सावलीत बसायचं. उभ्याने गोळी घेतली तर रक्तदाब उतरून भोवळ येते, आडवं झालं तर हृदयाकडे रक्त जास्त येतं. तोंडात तंबाखू असेल तर थुंकून चूळ भरायची. उन्हात तोंड कोरडं पडतं आणि कोरड्या तोंडात गोळी विरघळत नाही. ५ मिलिग्रॅमची एक गोळी जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही. गिळलेल्या औषधाचा बराचसा भाग यकृतातच निकामी होतो आणि गुणही उशिरा येतो.

आराम २ ते ५ मिनिटांत पडायला हवा. पाच मिनिटांनीही कळ तशीच असेल तर लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत, डॉक्टरांनी तसं सांगून ठेवलं असेल आणि चक्कर येत नसेल तर, पाच-पाच मिनिटांनी दुसरी आणि तिसरी गोळी चालते. त्यापुढे नाही. मोटारसायकलवर मागे बसवून नेऊ नका.

गोळीचा गुण गेलेला असणंही शक्य आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. शर्टाच्या खिशात किंवा गाडीच्या डिकीत महिनोन्‌महिने फिरलेल्या गोळीवर भरवसा ठेवू नये. ती मूळ पाकिटातच, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा, शेतात एक-दोनच न्या आणि मुदत तपासा. पण ‘गोळीच जुनी होती’ अशी समजूत करून घेऊन घरी थांबू नका. कळ पूर्वीपेक्षा कमी श्रमात येऊ लागली, बसल्याजागी आली, वारंवार येऊ लागली किंवा घामासह वीस मिनिटं टिकली, तर तो अस्थिर अंजायना किंवा हृदयविकाराचा झटका असू शकतो. अशा वेळी ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पाजण्यात जाणारा वेळ फार महागात पडतो. अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर १०८ वरच्या डॉक्टरांना विचारून ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची साधी अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्या.

आणखी एक गोष्ट, जी संकोचाने कुणी बोलत नाही: लैंगिक ताठरतेसाठीच्या गोळ्या. सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतल्यावर २४ तास आणि टॅडालाफिल घेतल्यावर ४८ तास सॉर्बिट्रेट घ्यायची नाही. रक्तदाब जीवघेणा उतरतो. अशी गोळी घेतली असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

प्रश्न: आईला पहाटे झोपेतच छातीत कळ येते. दिवसभर कामात काही त्रास नाही. अँजिओग्राफीत अडथळा निघाला नाही. डॉक्टरांनी मेटोप्रोलोल बंद करून डिल्टियाझेम सुरू केलं. असं का? (भुसावळ)

उत्तर: या वर्णनावरून डॉक्टरांना रक्तवाहिनीच्या आकडीचा अंजायना वाटला असावा. यात वाहिनी काही मिनिटांपुरती आवळली जाते, बहुधा रात्री किंवा पहाटे. डिल्टियाझेम, अ‍ॅम्लोडिपिनसारखी औषधं वाहिनीच्या भिंतीचा स्नायू सैल ठेवतात. मेटोप्रोलोलच्या गटातली औषधं मात्र काही रुग्णांत आकडी वाढवू शकतात. नानांना उपयोगी पडणारी गोळी आईला बाधू शकते ती अशी.

घरात उरलेलं मेटोप्रोलोल डिल्टियाझेमसोबत स्वतःहून देऊ नका. दोन्ही मिळून नाडी फार मंदावते. डिल्टियाझेम एकदम बंदही करू नका, आकडी उलटून येते. मिश्री, तंबाखू, विडी पूर्ण बंद. अर्धशिशीसाठी सुमाट्रिप्टान घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, या आजारात ते चालत नाही.

प्रश्न: आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट २० मिलिग्रॅम सकाळी ८ ला आणि दुपारी ३ ला लिहून दिली आहे. बारा-बारा तासांनी घेतली तर? डोकंही फार दुखतं. (शिरपूर)

उत्तर: वेळ बदलू नका. नायट्रेट शरीरात चोवीस तास राहिलं तर वाहिन्या त्याला दाद देईनाशा होतात. म्हणून रात्रीचे दहा-बारा तास मुद्दाम मोकळे सोडतात. ही रोजची गोळी कळ टाळण्यासाठी आहे, आलेली कळ तिने थांबत नाही. जिभेखालची गोळी वेगळी जवळ हवीच. मोनोनायट्रेटमुळे डोक्याच्या वाहिन्याही पसरतात आणि डोकं दुखतं. बहुतेकांचं ते काही दिवसांत कमी होतं, तोवर पॅरासिटामॉल चालतं. तरीही सोसेना तर मात्रा कमी करून हळूहळू वाढवता येते, ती डॉक्टरांकडून ठरवून घ्या.