सोयरा : सख्ख्या भावापासून व्याह्यापर्यंत

प्रश्न असा आहे : मुलीचं नाव 'सोयरा' ठेवायचं घाटतंय. नावांच्या याद्यांमध्ये त्याचा अर्थ कुठे 'पहाट' दिलाय, कुठे 'सुंदर'. घरातल्या मावशी म्हणतात, हा सोयरसुतकातला शब्द, अशुभ आहे. आजोबा म्हणतात, सोयरा हा पुरुष. बाईला 'सोयरी' म्हणतात. खरं काय, आणि हे नाव इतकं दुर्मीळ का?

'पहाट' आधी निकालात काढू. हिंदीतला 'सवेरा' हा स-वेला, म्हणजे वेळेवर, यातून आलेला. त्याचा आणि सोयराचा काडीचा संबंध नाही. 'सुंदर' कुठून आलं याचा शोध घेण्यात वेळ घालवू नये. या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात आणि आईबाप त्या प्रमाण मानतात, याचा मला मनस्वी राग आहे.

मावशींचा आक्षेप मात्र नीट उत्तर देण्याजोगा आहे, कारण ही चूक शिकलेली माणसंही करतात. 'त्याला कशाचं सोयरसुतक नाही' यातला 'सोयर' म्हणजे सोयरा नव्हे. सोयर, सोहेर, सुवेर ही सगळी बाळंतपणाच्या विटाळाची, जननाशौचाची नावं. घरात मूल जन्मलं की सोयर, माणूस गेलं की सुतक. दोन्ही भाऊबंदांना पाळावी लागतात. ज्याला यांतलं एकही लागत नाही तो परका, आणि त्यावरून 'देणंघेणं नाही' हा अर्थ आला. गंमत म्हणजे संस्कृतात 'सूतक' हेही मुळात जन्माचंच अशौच. सूत म्हणजे जन्मलेला. मराठीत ते मरणाकडे सरकलं आणि जन्माची बाजू 'सोयर'ने सांभाळली. तेव्हा सोयर वेगळं, सोयरा वेगळा. ज्याला सोयर आणि सुतक दोन्ही लागतात तो सगा.

आणि इथेच दुसरी चूक येते. जानेवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीवरून निघालेल्या राज्य शासनाच्या मसुद्यात 'सगेसोयरे' हा शब्द आला आणि तेव्हापासून तो एकाच गाठोड्यासारखा वापरला जातोय : सगेसोयरे म्हणजे नातेवाईक, झालं. नाही! सगा हा 'स्वक'पासून आलेला, आपल्या रक्ताचा. सोयरा लग्नसंबंधातून मिळालेला. सगा जन्माने असतो, सोयरा व्हावा लागतो. सोयरीक जुळते, जुळवतात, मोडते. सगेपणाला ही क्रियापदं लागतच नाहीत. ज्ञानदेवांचं पसायदान आठवा : 'ते सर्वांही सदा सज्जन । सोयरे होतु'. होतु! जे आज नाहीत त्यांनी व्हावं, ही मागणी आहे. तुकोबा वृक्षवल्लींना आणि वनचरांना 'सोयरीं' म्हणतात तेही याच अर्थाने. झाडांशी रक्ताचं नातं नाही, जोडलेलं आहे. 'सगीं' म्हटलं असतं तर अभंगाचा अर्थच बदलला असता.

आता व्युत्पत्ती. सोयरा हा 'सुहृद'वरून आला असं काही जण ठासून सांगतात. ते साफ चूक आहे. सुहृदमधल्या 'हृ'त जो ऋ आहे त्याचा प्राकृतात शब्दाच्या आत अ, इ किंवा उ होतो. हृदयचं हिअअ होतं, त्यात र उरत नाही. मग सोयराला 'र' कोणी दिला? अर्थ जुळला म्हणून ध्वनीकडे डोळेझाक करायची, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत.

सोयरा आलाय 'सोदर'वरून. स + उदर, एकाच पोटचा, सख्खा भाऊ. पाणिनीने 'सोदराद्यः' असं सूत्रच केलंय, त्यातून 'सोदर्य' सिद्ध होतो. दोन स्वरांमधला द गळतो आणि तिथे य सरकतो, हे मराठीत पावलोपावली दिसतं : पादचा पाय, कदलीची कयली होऊन केळ. तसं सोदर, सोअर, सोयर. पुढे 'क' हा स्वार्थी, म्हणजे मूळ अर्थ न बदलणारा, प्रत्यय लागून सोदरक, सोयरओ, सोयरा. जसा घोटकचा घोडा. ध्वनीच्या बाजूने कुठेच खाच नाही.

पण अर्थ? एकाच पोटचा भाऊ होता, तो लग्नातून आलेला पाहुणा कसा झाला? हे पूर्ण उलटं झालं, आणि म्हणूनच मला हा शब्द इतका प्रिय आहे. कोशकार 'अर्थविस्तार' म्हणून पुढे जातात. हा विस्तार नाही. लग्नाच्या रीतीने घडवलेला हा बदल आहे.

महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची चाल आहे. इरावती कर्व्यांनी नातेव्यवस्थेच्या अभ्यासात ती नीट मांडली आहे : इथे मामाच्या मुलीला पसंती, आत्याच्या मुलीला नाही. आता मुलाच्या आईच्या जागी उभं राहून पाहा. तिची सून म्हणजे भावाची लेक. मग तिचा व्याही कोण? तिचाच सख्खा भाऊ! सोदर हाच सोयरा. शब्द उलटला नाही, माणूसच एक आहे. सुना आजही सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्याला 'मामंजी' म्हणतात, ती याच रीतीची खूण.

कानडीकडे पाहिलं की हे आणखी लख्ख दिसतं. कानडीत नुसता 'माव' म्हणजे मामाही आणि सासराही. 'अत्ते' म्हणजे आत्याही आणि सासूही. मग खरा मामा वेगळा कसा सांगायचा? 'सोदरमाव'. खरी आत्या 'सोदरत्ते', भाचा 'सोदरळिय'. संस्कृतातून घेतलेला सोदर कानडीने नेमका त्या नात्यांना चिकटवलाय जिथे रक्त आणि लग्न एकत्र येतात. बापाच्या भावाला तो लागत नाही. मराठी सोयरा याच शेजारातून वळला असं माझं ठाम मत आहे. व्याहीसारखा थेट विवाहातून आलेला शब्द हाताशी असताना मराठीने सोदर ओढून आणला, त्याला दुसरं कारण मला दिसत नाही.

आणि नावाच्या दोन थोर धारक पाहा. संत सोयराबाई, चोखोबांच्या पत्नी, चौदाव्या शतकातल्या, मंगळवेढ्याच्या, म्हणजे कानडी मुलुखाला लागून असलेल्या गावच्या. त्यांचा भाऊ बंका आणि चोखोबांची बहीण निर्मळा हे नवराबायको. म्हणजे साटंलोटं झालं. कर्ममेळा हा चोखोबांचा मुलगा. त्याचा मामा बंका हाच त्याच्या आत्याचा नवरा. पुष्कळ घरांत आत्याच्या नवऱ्याला मामा का म्हणतात, हे या एका घरावरून उलगडतं. दुसऱ्या सोयराबाई तळबीडच्या मोहित्यांच्या, शिवाजी महाराजांच्या राणी. ६ जून १६७४ ला रायगडावर महाराजांबरोबर अभिषेक झाला तो त्यांना. त्यांचे बंधू हंबीरराव. हंबीररावांची कन्या ताराबाई पुढे सोयराबाईंच्याच मुलाला, राजारामांना दिली. म्हणजे हंबीरराव राजारामांचे मामा होतेच, सासरेही झाले. सोयराबाईंचा सोदर त्यांचा सोयरा झाला, आणि हे घडलं सोयरा नावाच्या बाईच्या घरात!

नाव दुर्मीळ का, याचं उत्तर दुसऱ्या सोयराबाईंपाशी आहे. सईबाईंचं 'सई' आज घरोघरी ऐकू येतं. सोयराबाईंचं नाव मात्र १६८० नंतरच्या गादीच्या वादात अडकलं, आणि नाटकं, कादंबऱ्या, मालिका यांनी त्यांना कटकारस्थानी सावत्र आई करून टाकलं. ज्या बाईने 'अवघा रंग एक झाला' लिहिलं तिचंही तेच नाव, हे लोकांच्या ध्यानातच येत नाही. त्यात अभंगांतही ती बहुधा 'चोख्याची महारी' अशीच येते, त्यामुळे गाणं कानावर पडलं तरी सोयरा हे नाव कानावर पडत नाही. मुलीचं नाव ठेवताना या सोयराची आठवण मनात असावी, असं मला फार वाटतं.

आजोबांचं राहिलं. सोयरा हे सामान्यनाम पुल्लिंगी, स्त्रीलिंगी रूप सोयरी, इथवर त्यांचं बरोबर आहे. पण विशेषनामाला ते बंधन नाही. कमल आणि कुसुम संस्कृतात नपुंसकलिंगी आहेत, त्यावरून कोणी बारशाला अडवत नाही. आणि मराठीने दोन्हींमधला फरक ठेवलाही आहे : पाहुणा असेल तर 'सोयऱ्याला बोलवा', मुलगी असेल तर 'सोयराला बोलवा'. नावाचं सामान्यरूप बदलायचं नाही, सोयराचा, सोयराकडे, सोयराने असंच लिहायचं. शाळेत कोणी 'सोयऱ्याची वही' लिहिलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.