गटकाम आणि वर्गातला गोंगाट

प्रश्न : कोथरूडच्या आमच्या शाळेत बाके समोरासमोर मांडून गटकाम सुरू केले, परंतु गोंगाटाने मुले थकून जातात. काय करावे? (एक शिक्षिका, पुणे)

उत्तर : दोष मुलांचा नाही, गुळगुळीत भिंती, फरशी आणि स्लॅब यांवर आदळून आवाज घुमत राहतो, म्हणून प्रत्येक गट शेजारच्यापेक्षा मोठ्याने बोलू लागतो. अमेरिकी मानकानुसार सर्वसाधारण आकाराच्या रिकाम्या वर्गात हा घुमण्याचा काळ ०.६ सेकंदाहून अधिक नसावा. छताला ध्वनिशोषक फलक लावणे उत्तम. तोवर मागच्या भिंतीवर जाड कापडी फलक आणि बाकांच्या पायांना रबरी टोप्या लावाव्यात. खिडक्या मात्र झाकू नयेत, पुण्याच्या उन्हाळ्यात वारा हवाच. शिवाय व्हरांड्यात, शिक्षकांच्या नजरेच्या टप्प्यात, दोघा-तिघांना शांत बसता येईल असा कट्टा अबोल मुलांसाठी आवर्जून राखावा.