महत्त्वाकांक्षी, सतत घाईत असणाऱ्या कर्मचाऱ्यांमध्ये अविवेकी विचार जास्त असतात का?

संबंध आहे, पण तो महत्त्वाकांक्षेपेक्षा तिच्यासोबत येणाऱ्या अधीरतेशी आणि चिडचिडेपणाशी अधिक असावा, असे मला वाटते. फ्रीडमन आणि रोझेनमन या हृदयरोगतज्ज्ञांनी मांडलेल्या ‘टाइप ए’ वर्तनाचे (म्हणजे सतत घाई, स्पर्धा आणि चिडचिड असलेल्या वागण्याचे) स्पेन्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दोन घटक वेगळे केले, तेव्हा यशाची धडपड चांगल्या कामगिरीशी, तर अधीरता शारीरिक तक्रारींशी जोडलेली आढळली. (ते सहभागी मात्र विद्यार्थी होते, कर्मचारी नव्हे.) मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीनुसार बिघाड ‘मला यश हवे आहे’ या इच्छेत नसून ‘ते मिळालेच पाहिजे, नाहीतर मी कवडीमोलाचा’ या हट्टात, म्हणजेच अविवेकी विचारात असतो. स्वभावामुळे असे विचार येतात की विचारांमुळे स्वभाव तसा घडतो, हे निव्वळ सहसंबंधावरून ठरवता येत नाही.